खात्री सरांचे प्रश्नसंच

मणेर सरांना बरोबर उत्तराची भीती वाटायची. चुकीच्या उत्तराचं त्यांना काही वाटत नसे. चूक उघडी पडते, तिला धरता येतं, असं त्यांचं म्हणणं. पण एखाद्या मुलीनं वही पुढे करून "सर, आलं! पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं," असं हरखून सांगितलं, की सरांच्या कपाळावर आठी चढायची. चष्मा वर सरकवून ते आधी वहीकडे, मग मुलीकडे आणि मग पुस्तकाकडे असे बघत, जणू तिघांनी संगनमत करून त्यांना फसवायचं ठरवलं आहे. "जुळलं? मंग आता लई जपून. खात्री केली का?" जुळलेल्या उत्तराची आणखी खात्री ती काय करायची, हे त्या मुलीला कळत नसे. ती मुकाट्यानं जागेवर जाऊन गणित उलट्या बाजूनं सोडवायला बसे. मुलांनी त्यांचं नाव 'खात्री सर' ठेवलं होतं आणि ते त्यांच्या कानावरही गेलं होतं. "कुणी ठेवलं ते अजून कळलं न्हाई," एवढंच ते म्हणत. जणू चौकशी अजून बंद झालेली नाही.

मी त्यांच्याबरोबर शिकवायला लागले ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितकीच नोकरी, आणि दर जूनमध्ये नव्यानं नेमणूक. नवरा आयटी पार्कात, म्हणून आम्ही शेजारच्याच माण गावात खोली घेऊन राहत होतो. तिथून घोटावड्यावरून स्कूटीनं मी मुळशीतल्या त्या बाजारगावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात जात असे. गणिताला आम्ही दोघंच. सरांच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, आणि माझ्या हातात अजून खडूही नीट बसला नव्हता. मी पुण्यात शिकलेली, त्यामुळे थोडा ताठाही होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला अकरावीचा एक छापील संच दिला. वीस गणितं, मागच्या पानांवर सगळ्यांची उत्तरं, पायऱ्यांसकट. "वाचून ठेवा," म्हणाले. इतकी देखणी छपाई मी महाविद्यालयीन पुस्तकांतही पाहिली नव्हती. वर्गमुळाच्या चिन्हाचं छप्पर आतल्या आकड्यांवर नेमकं बसलेलं, अपूर्णांकांच्या रेघा एका पातळीत. मी वाचलं. पाचव्या गणितात एक चिन्ह उलटं पडलं होतं. मला ते दिसलं. पण पहिल्याच आठवड्यात ज्येष्ठ माणसाची चूक काढायची कशी, म्हणून मी काही बोलले नाही.

चौथ्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. "पाचव्या गणितात काय दिसलं न्हाई?"

"दिसलं होतं सर. पण तुमचा संच, म्हटलं कशाला..."

"म्हंजी दिसून गप बसला." त्यांनी मान हलवली. "दिसलं नसतं तर मी शिकवलं असतं. दिसून गप बसन्यावर माझ्याकडं औषध न्हाई."

ती चूक त्यांनी मुद्दाम, माझ्यासाठी घातली होती. मला राग आला. हा माणूस नव्या सहकाऱ्याला चहा विचारायच्या आधी सापळा लावतो! त्या दिवसापासून मीही त्यांच्यावर नजर ठेवली. आम्ही दोघं एकाच खोलीत बसून एकमेकांवर पाळत ठेवत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

संच तयार करायची त्यांची पद्धत मात्र मी हळूहळू शिकले, कारण ती न शिकणं मूर्खपणाचं झालं असतं. पूर्वी सर संच हातानं लिहीत. मग पुण्यात टाइप करायला देत, आणि तिकडचा माणूस घातांक खाली आणून ठेवी. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना गणिताच्या छपाईचं एक सॉफ्टवेअर दाखवलं. त्यात पान डोळ्यांसमोर सजवत बसायचं नसतं. सगळं साध्या अक्षरांत, आज्ञा दिल्यासारखं लिहायचं: इथे अपूर्णांक, इथे वर्गमूळ, इथे प्रश्न सुरू, इथे उत्तर संपलं. मग यंत्र त्याचं पान बनवतं. प्रश्न आणि उत्तर एकाच फाइलीत, एकाखाली एक. फाइलीच्या माथ्यावर एक शब्द बदलला की उत्तरांसकट छापलं जातं, पुन्हा बदलला की उत्तरं गुप्त. आकडेही त्यांनी वर एकदाच लिहून ठेवलेले असत. ते बदलले की तेच गणित नव्या आकड्यांनी पुढच्या वर्षी तयार.

त्या सॉफ्टवेअरचं नाव सर 'लाटेक' असं उच्चारत. त्यावरून शिक्षकांच्या खोलीत विनोद चाले. "सर आज काय लाटताय?" असं कुणीतरी विचारी आणि सगळे हसत. सर हसत नसत. त्यांना ते यंत्र मनापासून आवडायचं, कारण तेही त्यांच्यासारखंच होतं. एका जागी कंस मिटवायचा राहिला, तर ते पुढे जायलाच नकार देई आणि कुठल्या ओळीत घोटाळा आहे ते सांगे. "बाकीची सॉफ्टवेअरं गोड बोलून पान नासवत्यात," सर म्हणत. "ह्ये तोंडावर सांगतंय. मला आसा मानूस चालतो."

पण यंत्र फक्त कंस तपासतं, गणित नाही. त्यासाठी सरांचा नियम होता: दोन माणसांनी, एकमेकांशी न बोलता, वेगवेगळ्या जागी बसून सोडवल्याशिवाय उत्तर फाइलीत जायचं नाही. मी येण्याआधी दुसरा माणूस कोण होता, हे मला फार दिवस कळलं नव्हतं. मग एकदा त्यांच्या घरी गेले. खाली बांगड्यांचं दुकान, वर दोन खोल्या. दुकानात सरांच्या पत्नी, भाभी, बसायच्या. गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरताना त्यांच्या मांडीजवळ एक कागद आणि शिसपेन्सिल होती. गिऱ्हाईक गेलं की त्या कागदावर गुणाकार करत.

"मी धाव्वीपतुर शिकल्येय," भाभी म्हणाल्या. "ह्यांचं ते वरचं गनित मला कळत न्हाई. पन शेवटी आकडेच आस्त्यात ना? उत्तर आलं की मी त्ये मागं गनितात टाकून बघते. न्हाई जमलं की ह्यांना हाक मारते. मंग हे जिना उतरून खाली येत्यात, तोंड पाडून."

"तोंड पाडून न्हाई," वरून आवाज आला. म्हणजे तेही ऐकत होतेच.

सरांचा संशय गणितापुरता नव्हता. परीक्षेच्या कोऱ्या पुरवण्या ते तीनदा मोजत. वर्गातल्या घड्याळावर त्यांचा विश्वास नसे, म्हणून मनगटावर एक आणि खिशात एक घड्याळ. कपाटाची किल्ली करदोड्याला. संगणकाचा पासवर्ड टाकताना ते माझ्याकडे पाठ करत, आणि पाठ करताना "राग मानू नका म्याडम" असं आवर्जून म्हणत. राग यायचाच. त्या 'राग मानू नका'चा जास्त यायचा.

दुसऱ्या वर्षी बारावीची पूर्वपरीक्षा जवळ आली. पेपर सरांनी काढला आणि नियमाप्रमाणे उत्तरांसकट प्रत तपासायला तिघांना दिली: प्राचार्यांना, परीक्षा विभागाच्या प्रमुखांना आणि मला. मला त्यांनी एका प्रश्नाची भर घालायला सांगितली होती, म्हणून छापील पानांबरोबर मूळ फाइलही दिली. ती मी घरी उघडली. त्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीच्या आधी टक्क्याचं चिन्ह टाकलं, की यंत्र ती ओळ वाचत नाही. कागदावर ती उमटत नाही, फाइलीत मात्र राहते. सरांनी अशा ओळींत स्वतःशी पुष्कळ लिहून ठेवलं होतं. 'हे गणित सोपं वाटतं. भरवसा ठेवू नये.' 'इथे मुलं उणे विसरतात. मीही एकदा विसरलो.' मला गंमत वाटत होती. वाचता वाचता इंटिग्रेशनच्या प्रश्नाशी आले. त्या उत्तराच्या शेवटी एक स्थिरांक जोडायचा असतो, त्याला कुठलंही अक्षर चालतं. तिथे टक्क्याच्या चिन्हामागे सरांनी लिहिलं होतं: 'सी प्राचार्य. ए परीक्षा विभाग. के नवीन मॅडम.'

मी माझी छापील प्रत काढून पाहिली. स्थिरांक 'के' होता.

म्हणजे तिन्ही प्रतींना खुणा केल्या होत्या. पेपर बाहेर गेला तर कुणाच्या हातून गेला, ते एका अक्षरावरून कळावं. दीड वर्ष बरोबर काम करून मी अजून 'नवीन मॅडम' होते, आणि संशयित. आणखी एक गोष्ट डोक्यातून जाईना. सर विसरणाऱ्यांतले नव्हते. मग ती ओळ त्यांनी पुसली का नाही? चुकून राहिली, की मी वाचावी म्हणून ठेवली? हे मला आजही माहीत नाही.

परीक्षा सोमवारी होती. आधीच्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरमालकीणबाई एक कागद घेऊन वर आल्या. त्यांची मुलगी बारावीला, दुसऱ्या कॉलेजात, पण माणमधल्याच एका खाजगी क्लासला जायची.

"म्याडम, क्लासवाल्यांनी ह्ये दिलंय. म्हनत्यात, ह्यातलंच येनार. तुमी जरा बघता का, बरूबर हाय का न्हाई?"

वर क्लासचं नाव, खाली झेरॉक्स. ते छप्पर नीट बसलेलं वर्गमूळ मी कुठेही ओळखलं असतं. आमचाच पेपर होता. मी पानं उलटली आणि इंटिग्रेशनच्या उत्तराशी थांबले. 'के'.

"बरूबर हाय का?" मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

त्या खाली गेल्या आणि मी कॉटवर बसून राहिले. माझी प्रत मी कुणाला दाखवलीसुद्धा नव्हती. मग 'के' तिथे गेला कसा? 'के'ची फाइल माझ्याखेरीज एकाच माणसाकडे होती. त्या संध्याकाळी मी मणेर सरांबद्दल जे जे मनात आणलं, ते लिहायला आज लाज वाटते. त्यांना आपल्या जागी दुसरं कुणी नको असेल. पहिल्या आठवड्यात सापळा लावणारा माणूस दुसऱ्या वर्षी मोठा सापळा लावणार नाही कशावरून? मला वाटलं, उद्या ते मला बोट दाखवतील, आणि मी तयार राहायला हवं.

शुक्रवारी सकाळपर्यंत तो कागद प्राचार्यांच्या मोबाइलवरही पोचला होता. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला खुर्ची दिली. सरांना दिली नाही.

"मणेर सर, फाइल तुमची. उत्तरं तुमची. तुमच्याशिवाय हे कोणाकडे होतं?"

"तिघांकडं. पन फाइल माझी हाय, तवा जबाबदारी माझी."

"जबाबदारीचं नंतर. कोणाकडून गेलं असेल, काही अंदाज?"

सरांनी चष्मा वर सरकवला. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. आता ते अक्षराचं सांगणार, मी मनात म्हणत होते, आता सांगणार.

"अंदाज हाय," सर म्हणाले. "खात्री न्हाई. खात्री झाल्याबिगर मी कुनाचं नाव घेनार न्हाई."

"म्हणजे तुम्ही लपवताय."

"तसं समजा."

प्राचार्यांनी त्यांना लेखी खुलासा मागितला आणि चौकशी होईपर्यंत परीक्षेच्या कामातून बाजूला केलं. शिक्षकांच्या खोलीत आम्ही परतलो तेव्हा सगळ्यांना कळलं होतं. अशा वेळी कुठल्या समाजाचं आडनाव आधी ओठांवर येतं, हे वेगळं सांगायला नको. 'लाटेक'चा विनोद त्या दिवशी पुन्हा झाला, पण आवाज खाली आणून, आणि तो विनोद राहिला नव्हता. सर कोपऱ्यातल्या टेबलाशी खुलासा लिहीत बसले. मी समोरच होते. माझ्या डोळ्यांनी तो 'के' पाहिलेला होता आणि मी तोंड उघडलं नाही. दिसून गप्प बसायची ही माझी दुसरी खेप.

ते गप्प का राहिले, याचं कोडं मला रात्रभर सुटेना. मला अडकवायचं असतं तर ती वेळ होती. शनिवारी सकाळी मी ते कोडं गणितासारखं घेतलं. सर निर्दोष आहेत असं धरलं आणि मागे मागे जायला लागले. माझ्याकडे ती प्रत आल्यापासून ती कुठे कुठे गेली? पिशवीत. घरी. टेबलावर. आणि मग आठवलं. प्रश्नाची भर घातल्यावर मला कागदावर एकदा तपासायचं होतं. कॉलेजचा प्रिंटर बंद पडलेला. माणला आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे पेनड्राइव्ह देऊन मी पानं काढून घेतली होती. पाच मिनिटांचं काम. मी ते काम म्हणून मोजलंही नव्हतं.

मी तशीच दुकानात गेले. मालक पन्नाशीचे, भले गृहस्थ. मी विचारल्यावर त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "प्रिंट द्यायची तर फाइल हितं उतरून घ्यावी लागतीया म्याडम. मंग ऱ्हातात पडून. कोन पुसत बसतंय?" आधार कार्डं, भाडेकरार, लग्नपत्रिका यांच्या गर्दीत माझी फाइल होती. नावासकट: 'पूर्वपरीक्षा उत्तरांसह'.

"क्लासवाले सर येतात का इथे?"

"रोजच की. सोताच बसत्यात संगणकावर. घरचंच हाय त्यांना." मग त्यांचा चेहरा उतरला. "का वो? काय झालं?"

मी सरांच्या घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. भाभींनी दुकानातून वर जायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखं हसून पाहिलं नाही. सर जमिनीवर बसून खुलाशाची दुसरी प्रत काढत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुकान, पेनड्राइव्ह, पडद्यावरची फाइल. आणि हेही सांगितलं, की ती टक्क्याची ओळ मी वाचली होती, गुरुवारीच तो 'के' पाहिला होता आणि दोन दिवस तुमच्यावरच संशय घेत होते.

सरांनी पेन ठेवलं. "मला कागद बघताच कळलं व्हतं, तुमची प्रत हाय."

"मग बोलला का नाहीत? तुम्ही एवढे संशयी, आणि माझी खूण समोर असताना..."

"खूण मी केली. वाचलीबी मीच. एकाच मानसानं सोडवलेलं उत्तर झालं त्ये," सर म्हणाले. "प्रत तुमची, पन हात कुनाचा, ह्ये कुटं ठरलं? तुमच्या पिशवीतनं कुनी काढली आसंल. माझ्या संगणकातनं गेली आसंल. मी म्हनलं, दुसऱ्या बाजूनं कोन सोडवतंय का बघू. आनि तुमी आला."

"नसते आले तर?"

"तर हा खुलासा दिला आसता." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. 'संच माझ्याकडून तयार झाला, त्याची जपणूक माझ्याकडून झाली नाही,' एवढंच होतं.

इतके दिवस मी या माणसाचा संशय म्हणजे दुसऱ्याविषयीची खोट समजत होते. तो स्वतःलाही सोडत नव्हता, हे त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. मला रडू आलं. सर अवघडले आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "आगं, च्या टाक! म्याडमचं उत्तर जुळलं!" मग माझ्याकडे वळले. "आता प्राचार्यांकडं. मी येऊ का?"

"एकटी जाते."

मी गेले. लेखी दिलं. प्राचार्य खूप बोलले, आणि ते चूक नव्हते. शेवटी त्यांनी विचारलं, सोमवारचं काय? सरांवरचा आरोप त्यांनी तोंडी मागे घेतला, माफी मागितली नाही, आणि नवा पेपर मागितला.

रविवारी सकाळपासून आम्ही तिघं कामाला लागलो. तेव्हा मला त्या फाइलींची खरी किंमत कळली. वर्षानुवर्षांचे संच होते, प्रत्येक गणिताशेजारी त्याचा इतिहास. सर एकेक गणित निवडत, वरचे आकडे बदलत, आणि मग ते वरच्या खोलीत, मी खाली दुकानाच्या मागे असं आम्ही वेगवेगळं सोडवत असू. भाभी दोन्हींकडचे कागद घेऊन गिऱ्हाइकांच्या मधून आकडे ताडून बघत. चौथ्या प्रश्नाला त्यांनी आम्हा दोघांनाही हाक मारली. "तुमचं दोघांचं जुळतंय, पन माझ्याशी न्हाई जुळत." त्यांचंच खरं निघालं. नव्या आकड्यांनी एका जागी भागाकार पूर्ण जात नव्हता आणि आम्ही दोघं तो बेफिकिरीनं पुढे ढकलून मोकळे झालो होतो. दुपार कलायच्या आत पेपर तयार झाला. या खेपेला तिन्ही प्रतींत स्थिरांक एकच होता. मी विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही.

परीक्षा नीट झाली. जूनमध्ये माझी नेमणूक झाली नाही. सर माझ्यासाठी रदबदली करतील अशी मला आशा होती. त्यांनी केली नाही. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा म्हणाले, "हयगय तुमच्याकडनं झाली म्याडम. त्याचं काय व्हायचं त्ये झालं. मी खोटं कशाला बोलू?" मी चिडून निघाले तर त्यांनी थांबवलं आणि पेनड्राइव्ह हातात ठेवला. सगळे संच, सगळ्या फाइली, टक्क्याच्या ओळींसकट. करदोड्याला किल्ली बांधणारा माणूस! मी म्हणाले, "सर, आता कुणी चोरले तर?"

"उत्तर चोरता येतंय. रीत चोरायची तर शिकावी लागतीया. मंग ती चोरी ऱ्हात न्हाई."

सोबत एक शिफारसपत्रही होतं, त्यांच्या सुबक छपाईत. दोनच वाक्यं: 'यांच्याकडून एक चूक झाली व ती यांनी स्वतः येऊन सांगितली. याहून अधिक मला खात्रीपूर्वक सांगता येत नाही.' माणच्या बाजूच्या उच्च माध्यमिक शाळेत मुलाखतीला गेले तेव्हा हे पत्र दाखवावं की लपवावं, कळत नव्हतं. मी दाखवलं. तिथल्या मुख्याध्यापिकांनी ते दोनदा वाचलं. "असं पत्र मी पहिल्यांदाच बघतेय," म्हणाल्या, आणि सोमवारपासून या म्हणाल्या.

तिथे मी अजून शिकवते. सरांचे संच दर वर्षी आकडे बदलून वापरते. मुलांच्या मोबाइलमध्ये आता कुठलंही उत्तर विचारताक्षणी येतं, पायऱ्यांसकट, अगदी गोड भाषेत. सरांना ते कसं वाटलं असतं, याचा मला अंदाज आहे. त्यांना सांगायची सोय मात्र कमी झाली. निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. भाभी फोनवर सांगतात, "टाइप आता मी करते. हे सांगत्यात, मी मारते. कंस ऱ्हायला की ते यंत्र आनि हे, दोघं मिळून मला बोलत्यात."

मागच्या महिन्यातली गोष्ट. अकरावीत एक मुलगी आहे, सुवर्णा. ताम्हिणीची, घाटात घरचा ढाबा, इथे मामाकडे राहून शिकते. तास संपल्यावर ती सरांचा एक संच घेऊन आली. लॉगरिदमचं सोपं गणित होतं. सगळी वस्त्रं उतरवली की उरायचं एवढंच: एका संख्येचा वर्ग चौसष्ट, तर संख्या कोणती? उत्तर छापलेलं होतं, आठ.

"मॅडम, उणे आठ का न्हाई? त्याचा वर्गबी चौसष्टच हाय."

मी म्हणाले, लॉगमध्ये उणे संख्या चालत नाही. ती म्हणाली, "पन लॉग वर्गाचा घेतलाय. वर्ग कुटं उणे हाय?"

मी फळ्यावर पुन्हा सोडवलं. ती बरोबर होती. दुसऱ्याच ओळीत आम्ही एक सोपी वाट धरली होती आणि त्या वाटेवर एक उत्तर सांडलं होतं. सरांनी सोडवलं होतं, मी वेगळं बसून सोडवलं होतं, आणि दोघांनी तीच वाट धरली होती. भाभींनी आठ मागे टाकून पाहिले होते, ते जुळलेच असणार. जे उत्तर लिहिलंच नाही, ते कोण टाकून बघणार? इतकी वर्षं, इतक्या वर्गांना आम्ही ते अर्धं उत्तर पूर्ण म्हणून दिलं होतं.

मी फोन लावला. भाभींनी तो सरांच्या कानाशी धरला. मी गणित सावकाश वाचलं, मुलीचा प्रश्न सांगितला. मग भाभींचा हलका आवाज आला, "कागद मागत्यात." पेन्सिलचा खरखराट ऐकू आला, डाव्या हाताचा, थांबत थांबत.

"पोरगी... कुटली?" सरांनी विचारलं.

"ताम्हिणीची."

पेन्सिल पुन्हा खरखरली. मला भीती वाटली, त्यांना लागलं असेल. मी घाईनं म्हणाले, "सर, मी फाइल दुरुस्त करते. वर्गात सांगते, छपाईची चूक होती."

"न्हाई." हा शब्द मात्र जड जिभेतूनही स्वच्छ आला. "छपाईची न्हाई. वर्गात सांगा... मणेर सर चुकले. आसंच सांगा. आनि तिचं नाव लिवा फाइलीत."

"मीही चुकले होते सर."

"तुमचं... तुमी सांगा."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात दोन्ही सांगितलं. सुवर्णाला उभं केलं, मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. ती मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, लाजली. तास सुटल्यावर ती टेबलाशी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

"मॅडम, त्या सरांचे बाकीचे संच हायेत का तुमच्याकडं?"

"आहेत. पुष्कळ आहेत."

"सगळे द्या," ती म्हणाली. "मला आता खात्री केल्याबिगर राहवंना."

मी कपाट उघडलं आणि सगळे तिच्या हातात ठेवले.